दुपारी एकदाच उठता यायचं

मी बनारसला गेले ती मुलींच्या कॉलेजात गणित शिकवायला, आणि पहिल्याच हिवाळ्यात तीन पत्तीत शंभरच्या शंभर कवड्या हरून बसले.

आणीबाणी उठली त्याच वर्षी मला ती नोकरी लागली. घर मिरजेचं, वय सव्वीस, लग्न ठरलेलं नव्हतं. घरच्यांना मला एवढ्या लांब पाठवायचा धीर झाला तो एवढ्याचसाठी, की दुर्गाघाटावर मराठी माणसं राहतात असं वडिलांनी ऐकलं होतं. ते खरंच निघालं. एका शास्त्रीबुवांच्या घरी वरच्या मजल्यावर मला खोली मिळाली. बुवा वेद शिकवायचे, घाटावरची कर्मंही करायचे. त्यांच्या चार पिढ्या तिथेच गेलेल्या. त्यांची बायको, म्हणजे आमच्या घरमालकीणकाकू, पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "पोरी, पानी सकाळी सहाला येतं, माकडं सातला. खिडकी बंद ठेवायची, मतलब एकदम बंद." त्यांचं मराठी असंच होतं. आधी मला हसू यायचं. वर्षभरात मीही तसंच बोलायला लागले, आणि मिरजेला गेले की आई हसायची.

त्या घराची गच्ची मोठी होती. पाडव्यापासून संक्रांतीपर्यंत दर रविवारी, जेवणं झाली की तिथे पत्ते चालायचे. दिवाळीच्या पाडव्याला सगळीकडेच खेळतात. या लोकांनी ते हिवाळाभर लांबवलं होतं, कारण गच्चीवर ऊन छान यायचं आणि घरात मात्र दगडी भिंतींतून गारठा. आसपासच्या मराठी घरांतली आणि नोकरीनिमित्त आलेली मिळून पंधरासोळा माणसं जमायची. तीन सतरंज्या पडायच्या. त्यांना बैठका म्हणत. एक जिन्याजवळ, एक मधली आणि एक नदीकडच्या कठड्याला लागून.

पैसा गच्चीवर आणायचा नाही हा काकूंचा हुकूम होता. पाडव्याला त्या प्रत्येकाला शंभर कवड्या मोजून द्यायच्या, आणि त्या संक्रांतीपर्यंत पुरवायच्या. ज्याच्याकडे शेवटी सर्वांत जास्त कवड्या, त्याला बाकीच्यांनी मलइयो खाऊ घालायची. मलइयो म्हणजे हिवाळ्यात सकाळी मिळणारा दुधाचा केशरी फेस. मातीच्या कुल्हडात घालून देतात आणि जिभेवर ठेवेपर्यंत विरतो. ज्याच्या कवड्या संपतील तो त्या हिवाळ्यापुरता बाद. त्याने संध्याकाळच्या चूडा-मटारसाठी, म्हणजे तुपात परतलेल्या मटार-पोह्यांसाठी, मटार सोलायचे.

आणखी एक नियम होता, आणि सगळी गंमत त्या नियमात होती. बैठक बदलायची मुभा दुपारी एकदाच. तुम्ही एका सतरंजीवरून उठून दुसऱ्या सतरंजीवर जाऊ शकता, तिथे जागा असली तर, आपल्या कवड्या घेऊन. पण मग दिवस मावळेपर्यंत तिथेच. परत उठलात तर थेट मटाराच्या टोपलीकडे.

पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, हा तर माझाच खेळ आहे. तीन पत्ते वाटायचे, ज्याचे भारी तो जिंकला; न बघता खेळलं तर कवड्या कमी टाकायच्या, पत्ते उचलून बघितले की दुप्पट. नको वाटलं तर पत्ते टाकून पॅक. जोडी साधारण सहा वाटपांत एकदा येते हे मी पहिल्या रात्रीच वहीत काढून ठेवलं होतं. जिन्याजवळच्या बैठकीवर मी महिनाभर खेळले. तिथे काकू बसायच्या, आणि काही बायका, आणि कधी एखादा नवखा. सगळे जपून खेळायचे. माझ्या कवड्या शंभराच्या एकशेचाळीस झाल्या. मग एका रविवारी मी ऐटीत थेट मधल्या बैठकीवर गेले.

मधली बैठक म्हणजे साहेब. ते एका बँकेत अधिकारी होते, मूळचे रत्नागिरीकडचे, अंगाने भरलेले, आणि हसले की शेजारच्या गच्चीवरची माकडं वळून बघायची. ते पत्ते सहसा उचलतच नसत. न बघता एक टाक, दोन टाक, चार टाक, आणि वर दुसऱ्यांना "घाबरू नका हो, माझ्याकडे काही नाही" असं सांगायचं. बहुतेक वेळा त्यांच्याकडे खरंच काही नसायचं. म्हणून सगळ्यांना मधल्या बैठकीवर बसायला आवडायचं.

मी बसले आणि तिसऱ्याच डावाला मला राजांची जोडी आली. साहेब न बघता टाकत होते. बाकीचे पॅक झाले. मी दुप्पट टाकत गेले, तेही टाकत गेले. शेवटी मी शो मागितला. त्यांनी पत्ते उलटे केले: तिर्री, चौकी, पंजी. सलग. म्हणजे राजांच्या जोडीहून भारी.

"अरे वा," ते स्वतःच म्हणाले, "हे कधी आलं?"

सगळे हसले. मीही हसले, पण माझे कान तापले होते. या माणसाला काही येत नाही, याच्याकडून मी हे परत घेणार, असं मनात धरलं. त्या दुपारी आणि पुढच्या रविवारीही मी तिथून हलले नाही. साहेबांनी टाकलं की मी टाकायचं. इतर तिघे शांतपणे आपल्या चांगल्या पत्त्यांची वाट बघायचे आणि आमच्या भांडणातून कवड्या उचलून न्यायचे. दुसऱ्या रविवारी साडेचारच्या सुमारास माझी शेवटची कवडी गेली. डिसेंबर अजून सरला नव्हता.

मटाराच्या टोपलीशी गार्डकाका बसले होते. ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, शास्त्रीबुवांचे बालमित्र. नदीकडच्या बैठकीवर खेळायचे, पण पाठीमुळे शेवटचा तासभर त्यांना सतरंजीवर बसवायचं नाही. मग ते आपणहून स्टुलावर येऊन मटार सोलत बसायचे. मला त्यांनी समोर टोपली सरकवली.

"बेटा, एक सांग," ते म्हणाले. "तू उठायला कधी हवं होतं?"

"आज चार वाजता," मी म्हणाले. "वीस कवड्या उरल्या होत्या तेव्हा."

"गेल्या इतवारी. राजांची जोडी गेली ना, त्याच्या पुढल्या मिनिटाला."

"पण काका, साहेब वाईट खेळतात. हिशेबाने मीच जिंकायला हवी होते."

"साहेब खराबच खेळतो. म्हणून तर आम्ही सगळे त्याला जीव लावतो," गार्डकाका हसले. "पण त्या डावानंतर तू खेळत नव्हतीस. तू त्याच्याशी भांडत होतीस. आणि त्याला तर पत्ताच नव्हता, की कुणी आपल्याशी भांडतंय."

मला रडू येईल असं वाटलं, आणि मग त्या वाक्याचं हसूच आलं. उरलेले रविवार मी मटार सोलले, आणि खरं सांगते, त्या हिवाळ्यात मी जे शिकले ते टोपलीशी बसूनच. तिथून तिन्ही बैठका दिसायच्या. गार्डकाका बोटाने नव्हे, हनुवटीने दाखवायचे. ती बघ, त्या बाईने पत्ते बघितले आणि लगेच कवड्यांना हात लावला, तिच्याकडे भारी आहे. तो बघ, कुणाचीही पाळी असो, एकाच माणसाकडे बघतोय. त्याला आता उठायला हवं, पण तो उठायचा नाही. पत्त्यांबद्दल ते फारसं बोलतच नसत.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी मला एक सवय लावली. कुठल्याही बैठकीवर बसण्याआधी दहा डाव नुसतं उभं राहून बघायचं. कोण कुणाच्या नंतर खेळतो ते बघायचं. साहेबांसारखा बेधडक माणूस आपल्या आधी असला तर उत्तम, तो काय करतो ते कळल्यावर आपण ठरवू शकतो. आणि शास्त्रीबुवा आपल्या नंतर असले तर मात्र कठीण, कारण आपण काय केलं ते बघून ते ठरवणार, आणि त्यांच्या तोंडावरची रेघसुद्धा हलणार नाही. बुवा तीन पत्ते ज्या चेहऱ्याने उचलायचे त्याच चेहऱ्याने ते पळीतलं पाणी सोडायचे. काकू कधीच त्यांच्या बैठकीवर बसत नसत. "चाळीस साल झाली, यांना भाजी आवडली की नाही तेच मला कळलं नाही," त्या म्हणायच्या. "पत्ते काय कळणार?"

एकदा मात्र मी शहाणपणा करायला गेले आणि फसले. मधल्या बैठकीवर बसून अर्धा तास झाला होता. दोनदा चांगले पत्ते आले आणि दोनदा दुसऱ्याचे त्याहून चांगले निघाले. मला वाटलं, झालं, आता भांडायला लागायच्या आत उठावं. हेच तर शिकले होते. उठले आणि नदीकडे गेले. अडीच वाजले होते. तिथे त्या दिवशी सगळे जपून खेळणारे. कुणी काही टाकेना. प्रत्येक डावाला बसल्याची एक कवडी द्यावी लागते, तेवढीच जायची, आणि काही यायचं नाही. मागे मधल्या बैठकीवर साहेबांचा गडगडाट चालला होता आणि कवड्या इकडून तिकडे वाहत होत्या. माझी एकदाची मुभा संपलेली. संध्याकाळपर्यंत मी तिथे थेंबाथेंबाने कमी होत बसले.

"का उठलीस?" गार्डकाकांनी विचारलं.

"पत्ते वाईट येत होते."

"तुझे पत्ते तर अच्छे होते. दुसऱ्याचे जास्ती अच्छे होते. त्यात त्या बैठकीचा काय कसूर? पत्ते बिघडले म्हणून उठू नये बेटा. माणसं बदलली तर उठावं. नाहीतर आपण बदललो तर."

हे ऐकायला सोपं होतं. करायला मला ती सगळी थंडी लागली. माणसं बदलली की नाही हे ओळखायचं कसं? चहा आला की बदलतात, हे मला हळूहळू दिसलं. तीनपर्यंत जो माणूस मुठीत कवड्या धरून बसलेला असतो, तोच चहानंतर सैल होतो, पाय पसरतो, म्हणतो "जाऊ दे, टाकतो चार." म्हणून आपली मुभा चहाच्या आधी खर्चायची नाही. आणि साहेब एखाद्या रविवारी लवकर घरी गेले, की मधल्या बैठकीवर रेंगाळायचं नाही. ते गेल्यावर तिथे उरलेले चौघे माझ्याइतकेच शहाणे असायचे. ऊन कठड्याकडे सरकलं की नदीकडच्या बैठकीवरच्या म्हाताऱ्यांना डुलक्या लागायच्या, हाही हिशेबात धरायचा मुद्दा होता. फक्त शास्त्रीबुवांना कधी डुलकी लागल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी माझ्याकडे एकशेतीस कवड्या होत्या. त्याचा मला झालेला आनंद पगारवाढीपेक्षा मोठा होता.

मग तिसरा हिवाळा आला. त्या वर्षी माझं सगळं जमून आलं होतं. कॉलेजात पाय रोवले गेले होते. दुर्गाघाटाच्या गल्लीतले दुकानदार "मास्टरनी जी" म्हणून हाक मारायचे. दर रविवारी दुपारची मी शनिवारपासून वाट बघायचे. संक्रांतीआधीच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर गेले तेव्हा शास्त्रीबुवांकडे सगळ्यांत जास्त कवड्या होत्या आणि त्यांच्याखालोखाल माझ्याकडे, साधारण तीसेक कमी. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर पतंग चढले होते. कापलेले मांजे सारखे आमच्या सतरंज्यांवर येऊन पडायचे.

मी मधल्या बैठकीजवळ उभी राहून दहा डाव बघितले. साहेब होते. त्यांच्या लगेच नंतरची जागा मोकळी होती. याहून चांगली जागा त्या गच्चीवर नव्हती. मी बसले.

तासाभरात माझ्याकडे पंचवीस-तीस कवड्या आल्या, आणि त्यातल्या बहुतेक साहेबांच्या. ते नेहमीसारखे न बघता टाकत होते. पण काहीतरी वेगळं होतं आणि ते काय ते मला लगेच कळेना. मग लक्षात आलं, की ते "घाबरू नका हो" म्हणालेच नाहीत. एकदाही नाही. कुणी विनोद केला की हसायचे, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

चहा आला. चहानंतरच्या दुसऱ्या डावाला त्यांनी न बघता चार टाकल्या, मी पत्ते उचलून आठ टाकल्या, पुढच्या सगळ्यांनी पॅक केलं. पाळी फिरून साहेबांकडे आली. त्यांनी पत्ते उचलले, तोंडासमोर धरले, आणि टाकून दिले. "पॅक," म्हणाले. डाव मला मिळाला. वाटणाऱ्याने गड्डी गोळा करताना त्यांचे पत्ते चुकून उताणे पडले.

तीन गुलाम.

तीन सारखे पत्ते येणं म्हणजे काय ते खेळणाऱ्यांना सांगायला नको. कुणाला हिवाळाभरात एकदा येतात, कुणाला येतच नाहीत. बैठकीवर एकच आरडाओरडा झाला. "साहेब, चष्मा बदला!" "साहेब, डोळे तपासा!" साहेब हसले. उशिरा हसले. आणि मी त्यांच्या शेजारी होते म्हणून मला दिसलं, की पत्ते तोंडासमोर धरले होते तेव्हा ते पत्त्यांच्या वरून नदीपलीकडच्या वाळूकडे बघत होते. त्यांनी पत्ते पाहिलेच नव्हते.

आता गार्डकाकांनी शिकवलेलं सगळं मला एकच सांगत होतं: बस. बेधडक माणूस तुझ्या आधी आहे, आज त्याचं लक्ष नाही, अजून दोन तास ऊन आहे. शास्त्रीबुवांना मागे टाकायला आणखी थोड्याच कवड्या लागतील. हलू नकोस.

मी आणखी एक डाव खेळले. साहेबांनी पुन्हा न बघता चार टाकल्या. मी माझे पत्ते उचलले, ते बऱ्यापैकी होते. आणि मला एकदम नकोसं झालं. घरात नसलेल्या माणसाच्या घरातून काहीतरी उचलून आणावं तसं वाटलं. मी पॅक केलं, ओच्यात कवड्या भरल्या आणि उठले.

"कुठे?" शेजारचे म्हणाले. "आत्ता? इतक्या चांगल्या जागेवरून?"

नदीकडच्या बैठकीवर गार्डकाका पाठ धरून उठतच होते. त्यांची जागा मोकळी झाली. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया वर केल्या, कारण ती जागा शास्त्रीबुवांच्या बरोबर आधीची होती. म्हणजे गच्चीवरची सर्वांत वाईट.

जाताना मी जिन्याजवळ थांबले आणि काकूंच्या कानाशी वाकले. "काकू, साहेबांच्या शेजारी जरा बसता का? माझी जागा मोकळी आहे."

"का, काय झालं?"

"माहीत नाही. काहीतरी झालंय."

काकूंनी मधल्या बैठकीकडे एकदा पाहिलं. त्या हिवाळाभर कधी बैठक बदलत नसत. पण त्यांनी कवड्यांची पिशवी उचलली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि साहेबांच्या शेजारी जाऊन बसल्या.

मी नदीकडे खेळायला लागले. शास्त्रीबुवांनी मान हलवून माझं स्वागत केलं आणि चार डावांत माझ्या दहा कवड्या घेतल्या. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट हलकं वाटत होतं. ऊन अंगावर येत होतं, खाली एक होडी चालली होती.

मग पाचव्या की सहाव्या डावाला माझ्याकडे बदामाचे तीन पत्ते आले, त्यात एक्का. बाकीचे पॅक झाले. मी आणि बुवा उरलो. मी टाकल्या, त्यांनी टाकल्या. मी पुन्हा टाकल्या, त्यांनीही टाकल्या, त्याच चेहऱ्याने. मध्ये कवड्यांचा चांगला ढीग झाला. मला काही अंदाज येईना. पॅक करावं की शो मागावा? मी पुन्हा एकदा टाकल्या, आणि बुवांचा हात त्यांच्या कवड्यांकडे गेला.

तेवढ्यात मधल्या बैठकीवरून काकूंचा आवाज आला. "अहो, इकडे या जरा. साहेबांची बदली झालीय."

शास्त्रीबुवांनी हात मागे घेतला. हातातले पत्ते उपडे खाली ठेवले. "बाई, मी पॅक," मला म्हणाले, आणि उठून साहेबांकडे गेले.

तो ढीग माझा झाला. त्या वर्षीची मलइयो मला मिळाली ती अशी. बुवांकडे त्या वेळी काय होतं, हे मी त्यांना पुढे कितीतरी वर्षं विचारलं. दर वेळी ते म्हणायचे, "आठवत नाही." आणि काकू आतून ओरडायच्या, "आठवतं त्यांना!"

खेळ तिथेच थांबला. तिन्ही सतरंज्यांवरची माणसं मधल्या बैठकीभोवती येऊन बसली. साहेबांना शुक्रवारी हुकूम मिळाला होता. नांदेडला. महिनाअखेर हजर व्हायचं. अकरा वर्षं झाली होती त्यांना बनारसला.

"गंमत सांगू का," ते म्हणाले. "मीच अर्ज केले होते. आल्यावर पहिली सहा वर्षं, दर वर्षी एक. मला मुळीच आवडलं नव्हतं हे गाव. ही गर्दी, ह्या गल्ल्या. मला महाराष्ट्रात न्या, कुठेही न्या, असं लिहायचो. कुणी दखल घेतली नाही. मग मी लिहायचं सोडलं. आणि आता त्यांना ते अर्ज सापडले."

कुणी हसलं नाही, मग ते स्वतःच हसले, आणि मग सगळे.

गार्डकाकांनी चूडा-मटार त्या दिवशी स्वतः परतले. भरपूर तूप, आलं, वरून लिंबू. साहेबांनी तीन बशा खाल्ल्या. बशी ठेवायला ते कठड्याशी आले तेव्हा मी तिथे उभी होते.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "तुम्ही उठलात ना, तेव्हा मला कळलं माझ्या तोंडावर दिसतंय म्हणून. तुम्ही काही उगाच उठणाऱ्यातल्या नाही. मी म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. आणि तेवढ्यात काकू येऊन बसल्या, म्हणाल्या, काय झालं ते सांग, नाहीतर पत्ते हातात घेऊ नकोस."

"तुम्ही तीन गुलाम टाकलेत, साहेब."

"ते खरं होतं? मला वाटलं चिडवताहेत."

"खरंच होते. मी पाहिले."

"अरे देवा," साहेब म्हणाले. "अकरा वर्षांत एकदा आले, आणि मी बघितलेच नाहीत." आणि ते असे हसले की पलीकडच्या गच्चीवरच्या पतंगवाल्यांनी वळून बघितलं.

गार्डकाकांनी मला त्या प्रकाराबद्दल काही विचारलं नाही. मला वाटलं होतं ते म्हणतील, चूक केलीस, किंवा बरोबर केलंस. ते एवढंच म्हणाले, "ती जागा मी सोडली नसती." मग म्हणाले, "पर मी काही मास्टरनी नाही."

पुढच्या आठवड्यात संक्रांत झाली. जायच्या आधी साहेबांच्या बायकोने ठरवलं, की एकदा नावेतून सगळे घाट बघायचे. अकरा वर्षांत ते राहूनच गेलं होतं. मलाही त्यांनी बरोबर घेतलं. दुर्गाघाटावरून आम्ही सकाळी नऊला निघालो. धुकं वर चढत होतं. साहेब पुढे नावाड्याशेजारी बसले होते आणि त्याला प्रत्येक घाटाचं नाव विचारत होते, जणू ते आजच या गावात आले होते. वहिनी माझ्याजवळ शाल लपेटून बसल्या होत्या. त्यांना नांदेड आवडणार होतं, त्यांची आई तिथून दोन तासांवर होती. त्या ते लपवतही नव्हत्या.

"माझी एकच काळजी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "घर काय, कसंही मिळेल. पण यांच्यासाठी आधी एक पत्त्यांची बैठक शोधायला हवी. रविवारी दुपारी हे घरात राहिले तर मी वेडी होईन."

"मिळेल हो," मी म्हणाले. "असं खेळणारा माणूस कुठल्याही बैठकीला हवाच असतो."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग दोघीही हसू लागलो, आणि साहेबांनी पुढून विचारलं, काय झालं, काय झालं. आम्ही सांगितलं नाही.

अहिल्याबाई घाट आला. पायऱ्यांवर माणसं अंघोळ करून ओल्या धोतरांनी उन्हात उभी होती. नावाड्याने वल्हं थांबवलं आणि विचारलं, इथूनच वळवू की पुढे मुन्शी घाटापर्यंत नेऊ.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. "मुन्शी घाट ले चलो," म्हणाले. "उसके आगे भी."